कशाले आणि काहून

शेजारच्या घरची मुलगी यंदा दहावीला आहे. कापसाची वेचणी सुरू झाली की दिवस मावळेपर्यंत तिच्या घरी कोणी नसते, म्हणून ती वही घेऊन माझ्या ओसरीवर येऊन बसते आणि मीही निवृत्त शिक्षिकेला शोभेल अशा तत्परतेने चष्मा शोधू लागते. त्या संध्याकाळी तिने इंग्रजीचा निबंध दाखवला. विषय नेहमीचाच होता, ‘माझे कुटुंब’. अक्षर वळणदार होते, समास आखलेला होता आणि खाली लाल शाईने बरोबरची खूण होती. मी वाचत गेले. ‘माय फादर गोज टू द फील्ड टू वॉटर द क्रॉप. ही गोज टू यवतमाळ टू बाय सीड्स. माय ब्रदर गोज टू अमरावती टू स्टडी.’ पुढचा परिच्छेद आईचा होता. ‘माय मदर हॅज टू गेट अप अर्ली. शी हॅज टू फेच वॉटर. शी हॅज टू कुक. शी हॅज टू पिक कॉटन.’ आईचा परिच्छेद वडिलांच्या परिच्छेदाहून चांगला लांब होता आणि त्यातले जवळजवळ प्रत्येक वाक्य ‘हॅज टू’वर उभे होते. वडील आणि भाऊ जिथे जिथे गेले होते तिथे काही ना काही साधायला गेले होते. आईने मात्र एकही गोष्ट कशासाठी म्हणून केली नव्हती.

चूक एकही नव्हती, आणि नेमके तेच मला खुपत राहिले.

मी तिला विचारले, वडिलांना कुठेच ‘हॅज टू’ का नाही? तिने माझ्याकडे जरा दयेनेच पाहिले. ‘‘बाबा कशाले तरी जाते ना काकू. आईले तर कराच लागते,’’ एवढे सांगून तिने वही मिटली आणि विज्ञानाचे पुस्तक उघडले. तिच्या लेखी प्रश्न सुटला होता. माझ्या लेखी तो तिथून सुरू झाला, कारण जी गोष्ट मी जन्मभर फळ्यावर दोन वेगवेगळ्या शीर्षकांखाली शिकवत आले, हेतू दाखवणारा ‘टू’ आणि सक्ती दाखवणारा ‘टू’, ती या मुलीने एका पानावर, एका घरात, दोन माणसांना वाटून दिली होती.

आम्ही इंग्रजी पाचवीत शिकायला लागलो. पहिलीपासून इंग्रजी २००० साली आले. त्याआधीच्या आम्हा सगळ्यांची गाठ या भाषेशी पडली ती टिनाच्या छपराखाली, एका सुरात म्हटलेल्या यादीतून. टू गो म्हणजे जाणे, टू कम म्हणजे येणे, टू ईट म्हणजे खाणे. पावसाळ्यात छपरावर सर कोसळू लागली की गुरुजींचा आवाज ऐकू येत नसे, तरी आमची यादी थांबत नसे. त्या यादीत ‘टू’चे काम काय आहे, हे कोणी सांगितले नाही आणि कोणी विचारलेही नाही. पुढे दहावीला ‘रिमूव्ह टू’ नावाचा प्रश्न आला. ‘द टी इज टू हॉट टू ड्रिंक’ या वाक्यातला पहिला, ‘फार’ या अर्थाचा ‘टू’ काढायचा, ‘सो हॉट दॅट’ घालायचे, म्हणजे पाठोपाठ दुसराही गळून पडतो. दोन गुणांचा तो प्रश्न महाराष्ट्रातल्या लाखो मुलांनी सोडवला असेल. त्यातला जो दुसरा ‘टू’ बिनबोभाट नाहीसा होतो, तोच खरा आमच्या यादीतला ‘टू’ होता, आणि चहा प्यायचा होता ही साधी गोष्ट तो सांगत होता.

हा ‘टू’ मुळात वाट दाखवणारा शब्द आहे. हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत नुसते क्रियापद सांगायचे असले तर त्याच्या शेवटी ‘अन’ येई आणि ‘टू’ची गरज नसे. कशासाठी हे सांगायचे झाले तरच ‘टू’ पुढे येऊन उभा राही, आणि क्रियापदाला मागून चतुर्थीचा निराळा शेवट लागे. जसे नाम तसेच क्रियापद, त्याच्या दिशेने निघायचे. पुढे ते सगळे शेवट झिजून गेले. ‘टू’ तेवढा उरला आणि हेतू असो वा नसो, क्रियापदाच्या दाराशी बसून राहिला. चौदाव्या शतकातले इंग्रज हेतूवर भर देण्यासाठी ‘फॉर टू’ असे दोन शब्दही सर्रास जोडून म्हणत. आमच्याकडची मुले ‘घेण्यासाठी’ या शब्दाच्या ओघात ‘फॉर बाय’ लिहितात तेव्हा मी लाल रेघ मारत असे, परंतु मनातून मला त्यांचे फारसे चुकले आहे असे वाटत नसे.

आपली गोष्ट याहून वेगळी नाही. चतुर्थीचे प्रत्यय आपण सगळ्यांनी घोकले आहेत, स, ला, ते, स, ला, ना, ते. ‘त्याला दिले’ यातला ‘ला’ आणि ‘पाहायला आलो’ यातला ‘ला’ एकच. आमच्या वऱ्हाडीत तर हे अधिकच उघडे पडते, कारण इथे सगळीकडे ‘ले’ आहे. ‘बजाराले बी घ्याले गेलो.’ पहिला ‘ले’ जागेला लागला, दुसरा कामाला. ‘वेंट टू द मार्केट टू बाय सीड्स’ या वाक्यात दोन ‘टू’ जिथे बसतात तिथेच आमचे दोन ‘ले’ बसतात. मुलांना व्याकरणाची पुस्तकी परिभाषा समजावताना माझा घसा कोरडा पडे. हे एक वाक्य फळ्यावर लिहिले की मागच्या बाकावरची मुलेही मान डोलावत. तालुक्याच्या शाळेत वऱ्हाडी फळ्यावर लिहिणे तेव्हा शिष्टसंमत नव्हते. मी लिहीत असे आणि तास संपायच्या आत पुसून टाकत असे.

हेतू सांगणाऱ्या ‘टू’ला सक्ती कुठून चिकटली, हा प्रवास मला नेहमीच हेतूपेक्षा मनोरंजक वाटत आला आहे. ‘आय हॅव ए लेटर टू राइट’, माझ्याजवळ लिहायचे एक पत्र आहे. यात ‘हॅव’ म्हणजे खरोखरच जवळ असणे. हळूहळू वाक्यातले पत्र सरकत सरकत शेवटी गेले, ‘हॅव’ आणि ‘टू’ एकमेकांना चिकटले, आणि ‘आय हॅव टू राइट ए लेटर’ होताच माझ्याजवळ काहीच उरले नाही, फक्त लिहिण्याची सक्ती उरली. आज बोलताना इंग्रज माणूस त्याचा ‘हॅफ्टू’ असा एकच शब्द करून टाकतो. शब्दांची जागा बदलल्याने काय होते हे वर्गात सांगायला मी पैशाचे उदाहरण घेत असे. ‘आय हॅव मनी टू पे’ म्हणजे माझ्याकडे भरायला पैसे आहेत. ‘आय हॅव टू पे मनी’ म्हणजे मला पैसे भरायचे आहेत. शब्द तेच. मार्च महिन्यात पीककर्ज भरायची मुदत जवळ आली की या दोन वाक्यांमधले अंतर आमच्या गावातल्या कोणत्याही माणसाला कळते, त्याला इंग्रजीचे अक्षर येत नसले तरी.

कर्जाचे नाव निघालेच आहे तर एक गोष्ट सांगायला हवी. इंग्रजीत सक्ती सांगणारे जे जुने शब्द आहेत त्यांतले निदान दोन सावकाराच्या ओट्यावर जन्मले आहेत. ‘ऑट’ हे ‘ओ’ या क्रियापदाचे भूतकाळी रूप, आणि ‘ओ’ म्हणजे देणे लागणे. ‘शॅल’ आणि ‘शुड’ यांच्या मुळाशीही देणे लागण्याचाच अर्थ होता. त्यांच्याच कुळातला जर्मन भाषेतला ‘शुल्ड’ हा शब्द आजही कर्ज आणि अपराध या दोन्ही अर्थांनी चालतो. ‘देणे लागतो’ हे लिहिता लिहिताच आपल्या भाषेने काय करून ठेवले आहे ते दिसते. ‘मी त्याचे पैसे देणे लागतो’ म्हटले की कर्ज, ‘मला त्याला पैसे द्यावे लागतात’ म्हटले की सक्ती. लागणे दोन्हीकडे आहे.

हे ‘लागणे’ मराठीने किती ठिकाणी वापरले आहे. भूक लागते, ऊन लागते, ठेच लागते, दृष्ट लागते, वेड लागते, गोडी लागते, वेळ लागतो, पैसे लागतात, आणि समोरचा माणूस आपला मामाही लागतो. यांतली बहुतेक लागणी बाहेरून येऊन अंगाला भिडतात. मे महिन्यात आमच्याकडे दुपारी एकच्या सुमारास अंगणात पाऊल टाकले की ऊन जसे चेहऱ्यावर आदळते, तशीच सक्ती मराठीत माणसावर येऊन आदळते. म्हणून ती सोसणारा माणूस वाक्यात कर्ता होत नाही. तो चतुर्थीत जातो. ‘मला जावे लागते’, ‘तिला करावे लागते’. जिला दान द्यायचे तिच्यासाठी व्याकरणाने जी विभक्ती ठेवली, संप्रदान म्हणून जिचा गौरव केला, त्याच विभक्तीत बसून बाई पाणी भरते. इंग्रजीने निदान ‘शी’ म्हणून तिला वाक्याच्या माथ्यावर ठेवले आणि मग ओझे तिच्याजवळ आहे असे सांगितले. कोणते बरे, हे मी ठरवू शकलेले नाही. ‘हॅज’मध्ये एक मालकी आहे आणि सक्तीची मालकी ही फार विचित्र वस्तू आहे, उलट ‘तिला लागते’मध्ये तिचा दोष नाही, पण तिचा हातही नाही.

आणि जिथे माणूसच नाही अशीही सक्ती असते. सासूबाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्यांची चांदी मी अनेक वर्षे संध्याकाळच्या दिव्यात फाडली आहे. त्या चांदीवर मुंगीएवढ्या अक्षरांत छापलेले असे, ‘टू बी सोल्ड बाय रिटेल ऑन द प्रिस्क्रिप्शन ऑफ ए रजिस्टर्ड मेडिकल प्रॅक्टिशनर ओन्ली’. या वाक्यात मुख्य क्रियापद नाही, कर्ता नाही, कोणी कोणाला सांगत नाही. नुसता ‘टू बी सोल्ड’, विकले जायचे. भारतातल्या खेड्यापाड्यांत सर्वांत जास्त घरांत पोहोचलेले इंग्रजी वाक्य बहुधा हेच असेल, आणि ते ज्या दुकानदाराला उद्देशून आहे त्याचे नावही ते घेत नाही.

संविधानाने तसे केले नाही. मूलभूत कर्तव्यांचा ५१ क हा अनुच्छेद ‘इट शॅल बी द ड्यूटी ऑफ एव्हरी सिटिझन ऑफ इंडिया’ असा सुरू होतो आणि त्याखालचे जवळजवळ प्रत्येक कलम ‘टू’पासून चालू लागते. १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने दहा कर्तव्ये आली, २००२ च्या शहाऐंशीव्या दुरुस्तीने अकरावे आले, आणि हे अकरावे ‘टू’ पालकांना उद्देशून आहे, सहा ते चौदा वर्षांच्या पाल्याला शिक्षणाची संधी द्यायची. माझ्या ओसरीवर बसणारी मुलगी चौदा ओलांडून गेली आहे, तेव्हा यंदा तिला शिकवणे हे कर्तव्यात मोडत नाही, नुसत्या इच्छेत मोडते. त्याच यादीत स्त्रियांच्या प्रतिष्ठेला कमीपणा आणणाऱ्या प्रथा सोडण्याचेही एक ‘टू’ आहे. मराठी पाठ्यपुस्तकाच्या सुरुवातीच्या पानांवर हीच कर्तव्ये छापलेली असतात आणि तिथे ‘टू’च्या जागी वाक्यांच्या शेवटी ‘करावे’, ‘जोपासावी’, ‘त्याग करावा’ येते. उद्देशिकेतही असेच आहे. तिथे सक्ती नाही, संकल्प आहे, गणराज्य घडविण्याचा आणि न्याय, स्वातंत्र्य, समानता मिळवून देण्याचा, आणि इंग्रजीत तो संकल्पही ‘टू’वरच तोलला आहे. म्हणजे एकाच दस्तऐवजाच्या पहिल्या पानावर हेतूचा ‘टू’ आणि आत कर्तव्याचा ‘टू’. शेजारच्या मुलीने वडिलांचा आणि आईचा परिच्छेद असाच लावला होता.

वऱ्हाडीत ‘का’ विचारायला दोन शब्द आहेत. ‘कशाले’ म्हणजे काय साधायला, ‘काहून’ म्हणजे कोणत्या कारणाने. फाट्यावर एसटीची वाट पाहताना मी हे पुष्कळ वेळा ऐकले आहे. पुरुष उभा असला की विचारणारा विचारतो, ‘‘कशाले चालले?’’ आणि उत्तर येते, ‘‘बी आणाले’’, ‘‘मोटर दुरुस्त कराले’’. बाई उभी असली, त्यातून लुगडे इस्त्रीचे असले, तर प्रश्न येतो, ‘‘काहून व? कुठी चालली?’’ आणि उत्तर येते, ‘‘जा लागते ना बाई’’. भावाच्या पोराचे लग्न असते, तिच्या पिशवीत नवे पातळ असते, बांगड्या नव्या असतात, आणि रात्रभर तिला आनंदाने झोप आलेली नसते. तरी ती ‘मले जाची इच्छा आहे’ असे म्हणत नाही. जा लागते.

हे कोडे मला सासूबाईंनी उलगडून दाखवले, अर्थात न सांगता. त्या फार नवस बोलत. वासराला ढाळ लागली की नवस, विहिरीचे पाणी खाली गेले की नवस, माझ्या दिराला मॅट्रिकला इंग्रजीत गुण मिळावेत म्हणून नवस. आणि प्रत्येक नवस शेगावच्या महाराजांना. वासरू बरे झाले की दुसऱ्या दिवशी त्या चुलीजवळून जाहीर करत, ‘‘शेगावले जा लागते. नवस फेडा लागते.’’ सासरे काही बोलत नसत, कारण देवाचे देणे थकवा असे कोणता माणूस म्हणेल? सुरुवातीला मला त्या भाबड्या वाटत. मग एकदा मी त्यांच्यासोबत गेले.

तेव्हा शकुंतला चालू होती. दारव्ह्याला ती अरुंद रुळांची गाडी धरायची, मूर्तिजापूरला उतरून मोठ्या रुळांची मुंबईकडची गाडी धरायची आणि अकोल्यापुढे शेगावला उतरायचे. शकुंतलेची चाल अशी की तरणी पोरे मध्येच उतरून बांधावरच्या बोरी झोडपून पुन्हा डब्यात चढत. खिडकीबाहेर कपाशी हाताला लागेल इतकी जवळ होती आणि डब्यात भाकरीचा, ठेच्याचा, घामाचा आणि कोळशाच्या धुराचा मिळून एक वास होता. सासूबाईंच्या सोबतीला गल्लीतल्या आणखी दोघी होत्या आणि त्या दोघींचेही नवस होते. वाटेत त्यांनी इतके हसून घेतले की मला शेवटी विचारावेसे वाटले, या बाया त्याच का, ज्या नळावर एकमेकींशी चार शब्दांपलीकडे बोलत नाहीत? शेगावला दर्शन क्षणात झाले. उरलेला सारा दिवस सासूबाई मंदिराच्या आवारात पाय पसरून भिंतीला टेकून बसल्या आणि येणारी-जाणारी माणसे पाहत राहिल्या. मी म्हटले, आता निघू या, अंधार होईल. त्या म्हणाल्या, ‘‘थांब न. घरी जाऊन तरी काय, भाकरीच टाका लागते.’’ याच बाई सकाळी ‘शेगावले जा लागते’ म्हणून निघाल्या होत्या. तो ‘लागते’ आणि हा ‘लागते’ त्यांच्या तोंडून तंतोतंत एकाच सुरात येत होते, आणि मला इंग्रजी शिकवायला लागून पुष्कळ काळ लोटला होता तरी त्यांतला फरक त्या भिंतीपाशी बसल्यावर प्रथम कळला. इच्छेला परवानगी लागते. सक्तीला लागत नाही. म्हणून बाई आपल्या इच्छेला सक्तीचे लुगडे नेसवते आणि उजळ माथ्याने गावातून बाहेर पडते.

पुरुषांचे याच्या उलट चालते. त्या मुलीचे वडील मला रोज दिसतात. एके सकाळी ते पांढरा सदरा घालून, प्लास्टिकच्या पिशवीत सातबारा, आठ-अ आणि इतर बँकांचे देणे नसल्याच्या बेबाकी दाखल्यांची भेंडोळी घेऊन फाट्याकडे निघाले होते. मी विचारले, तर म्हणाले, ‘‘काही नाही, जरा बँकेत जाऊन येतो. लोन काढाले.’’ ‘काढाले’ त्यांनी असे म्हटले जणू लोन त्यांच्या विहिरीत होते आणि दोर सोडायचाच काय तो अवकाश. त्या बँकेत त्यांनी याआधी किती चकरा घातल्या होत्या, कोणत्या टेबलावरून कोणत्या टेबलावर गेले होते, हे साऱ्या गल्लीला ठाऊक होते. मागचे थकलेले होते आणि पेरणी डोक्यावर आली होती. त्यांच्याइतकी सक्ती त्या दिवशी गावात कोणावर असेल असे मला वाटत नाही, पण त्यांच्या तोंडी ‘जा लागते’ आले नाही. परत येताना भेटले तेव्हाही ‘‘सहज गेलो होतो’’ असे म्हणाले. मुलीने जे घरात ऐकले तेच लिहिले. ‘ही गोज टू द बँक टू टेक लोन’ हे वाक्य तिच्या निबंधात होते की नव्हते हे आता मला आठवत नाही. पण ती लिहिती तर असेच लिहिती, आणि ते बरोबर ठरले असते.

म्हणजे तिचा निबंध घरात जे चालते त्याचा नव्हता, घरात जे बोलले जाते त्याचा होता. आपल्याकडे पुरुषाची सक्ती हेतूच्या सदऱ्यात फिरते आणि बाईची हौस सक्तीच्या पदराखाली, आणि पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीला ही वेषांतरे उतरवून लिही असे कोणता शिक्षक सांगणार? मी तिला तसे सांगितले नाही. तिला परीक्षेत तसे कोणी विचारणारही नाही.

मराठी व्याकरणाने मात्र हे फार पूर्वीच करून ठेवले आहे, असे मला अलीकडे वाटू लागले आहे. संस्कृतात दोन्हींची रूपे निरनिराळी होती. हेतूसाठी तुमुन् प्रत्यय, म्हणजे ‘कर्तुम्’, करण्यासाठी, आणि करायलाच हवे अशा गोष्टीसाठी तव्य, म्हणजे ‘कर्तव्य’. मराठीत तुमुन् मागे पडला. तव्य प्राकृतातून झिजत झिजत आला आणि ‘करावे’ झाला. पाठ्यपुस्तकातल्या कर्तव्यांच्या यादीत ‘कर्तव्य’ आणि ‘करावे’ शेजारी शेजारी छापलेले असतात, ते एकाच घरातले थोरले आणि धाकटे आहेत. याच ‘करावे’ला ‘स’ किंवा ‘ला’ लागून ‘करावयास’ झाले, आणि त्याचे घाईघाईने ‘करायला’, आमच्याकडे ‘कराले’. म्हणजे आपण मोठ्या ऐटीत ‘बी आणायला चाललो’ म्हणून हेतू सांगतो, त्या हेतूच्या पोटातच ‘आणावे’ बसलेले आहे. इंग्रजी हेतूकडून निघून सक्तीला पोहोचली. आपण सक्तीकडून निघालो आणि तीच ‘ले’ लावून हेतू म्हणून चालवत आहोत. बँकेत ‘लोन काढाले’ गेलेल्या माणसाने आपली सक्ती लपवली असे मी वर म्हटले. पण त्याच्या ‘काढाले’मध्ये ती शिल्लक होती, फक्त ऐकू येत नव्हती.

नकार आला की दोन्ही भाषा पुन्हा वेगळ्या होतात. ‘मस्ट’च्या पुढे ‘टू’ चालत नाही, हे मुलांना पटवता पटवता वर्ष संपते. पण त्याहून अवघड असते ते ‘यू मस्ट नॉट गो’ आणि ‘यू डोन्ट हॅव टू गो’ यांतले अंतर. पहिले म्हणजे जायचे नाही, दुसरे म्हणजे जायची गरज नाही, गेलीस तरी हरकत नाही. होकारात ‘मस्ट’ आणि ‘हॅव टू’ जवळजवळ सारखे, नकारात एक दार बंद करतो आणि दुसरा उघडे ठेवतो. परीक्षेत मुले हे बरोबर लिहितात. घरी त्यांना वेगळे ऐकू येते. ‘‘तुले काही जा लागत नाही’’ असे घरातला पुरुष बाईला म्हणतो तेव्हा वाक्य ‘डोन्ट हॅव टू’चे असते आणि आवाज ‘मस्ट नॉट’चा. मायेनेही तसेच बोलले जाते. एवढ्या उन्हात कशाला, पायाचे दुखणे आहे, आता कशाचीच गरज नाही. माझा मुलगा पुण्याहून मला फोनवर हेच सांगतो, आणि तो चांगला मुलगा आहे. दर नोव्हेंबरात पेन्शनीसाठी हयातीचा दाखला द्यावा लागतो. पूर्वी त्यासाठी बँकेत जाऊन यादीवर सही करावी लागे. २०१४ पासून जीवन प्रमाण आले आहे आणि आता मोबाइलसमोर चेहरा धरला की माणूस जिवंत असल्याचे सरकारला कळते. मुलाने ते माझ्या मोबाइलमध्ये घालूनही दिले आहे. ‘‘आई, आता तुला यवतमाळला जावे लागत नाही,’’ तो मोठ्या समाधानाने म्हणाला.

मी त्याला म्हटले, ‘‘तसे नाही रे. आमच्या बँकेत अजून सहीच करावी लागते.’’ बँकेतल्या मुलीने मागच्याच वर्षी मला मोबाइलवरचे चालते म्हणून बजावून सांगितले होते. सही करायला काही क्षण पुरतात. त्यानंतर मी बसस्थानकाजवळच्या दुकानात आलूबोंडा खाते, जुन्या मैत्रिणीकडे जाते, दोघी मिळून कोणाकोणाची नावे काढत बसतो, आणि शेवटची एसटी धरायला मला धावावे लागते.